वेगवान मोटार आणि उतारवयातले शरीर

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर जमिनीलगत धावणाऱ्या, दोन दारांच्या, रुंद चाकांच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे जावे, तर कधी त्याच्याही दारात अशी एखादी मोटार उभी असते. ‘आई, बाबा, चला, एक फेरी मारून येऊ,’ असे तो कौतुकाने म्हणतो आणि आपल्या मनात दोन विचार एकदमच येतात. एक मन म्हणते, एवढी किंमत मोजली आहे, तेव्हा गाडी भक्कमच असणार. दुसरे म्हणते, एवढीशी बुटकी गाडी. ट्रकचा नुसता धक्का लागला तरी हिचा चुराडा होईल.

दोन्ही समजुतींत थोडे थोडे तथ्य आहे. मात्र आपल्यासारख्यांचा प्रश्न याहून निराळा आहे. अपघात झालाच, तर ही मोटार सत्तरीतल्या शरीराला कितपत सांभाळील, आणि तिने सांभाळावे म्हणून आपण स्वतः काय करायला हवे? आज याच प्रश्नाचा विचार करू.

चुरगळणारी गाडी, शाबूत राहणारी खोली

‘मिस्टर बीन’ म्हणून घराघरांत ठाऊक असलेला नट रोवन ॲटकिन्सन २०११ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात आपली मॅक्लारेन एफ-वन ही अतिवेगवान मोटार चालवत होता. गाडी रस्त्यावरून घसरली आणि झाडावर व दिव्याच्या खांबावर आदळली. तिची अवस्था पाहून आतला माणूस वाचला असेल यावर कोणाचा विश्वास बसला नसता. प्रत्यक्षात छप्पन्न वर्षांच्या ॲटकिन्सनच्या खांद्याचे हाड मोडले, एवढ्यावरच निभावले.

गाडी मोडली आणि माणूस वाचला, यात विसंगती नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे शरीर एकाएकी थांबवणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, साधारणपणे तिसऱ्या मजल्यावरून, पडलेले शरीर थांबवण्यासारखे आहे. ते किती अंतरात थांबते यावर इजा ठरते. अंडे गादीवर पडले तर टिकते, फरशीवर पडले तर फुटते. मोटारीचा पुढचा भाग चुरगळत असताना तिच्याशी बांधलेले शरीर साठेक सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या सरासरी सोळापट भार येतो. तेच शरीर मोकळे राहून डॅशबोर्डवर आदळले आणि पाच सेंटिमीटरांत थांबले, तर हा भार जवळजवळ दोनशेपट होतो.

म्हणून मोटारीच्या रचनेत दोन गोष्टी साधाव्या लागतात. पुढचा व मागचा भाग चुरगळून धक्का पचवायचा, आणि मधली माणसांची खोली मात्र आकार न बदलता टिकून राहायची. मर्सिडीज कंपनीतील अभियंता बेला बारेन्यी याने ही कल्पना मांडली आणि १९५९ पासून ती प्रत्यक्ष मोटारींत उतरली. त्याच वर्षी व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोहलिन याने खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन टोकांचा सुरक्षा पट्टा आणला. कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. आज आपण जो पट्टा लावतो तो हाच. खोली टिकली तरी तिच्याशी आपल्याला जखडून ठेवणारा हा पट्टा नसेल, तर त्या मजबुतीचा आपल्याला काही उपयोग नाही.

जमेची बाजू आणि उणी बाजू

चांगल्या स्पोर्ट्‌स कारच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. तिची मधली खोली पोलाद, ॲल्युमिनियम किंवा कार्बनतंतूंची असते आणि फार ताठ असते. तिचे वजन जमिनीजवळ असल्याने ती सहजी उलटत नाही. ब्रेक आणि टायर उत्तम असल्याने ती कमी अंतरात थांबते आणि काही अपघात मुळात टळतात.

उणी बाजू सांगताना पहिला मुद्दा वजनाचा. एक हजार किलोची छोटी स्पोर्ट्‌स कार आणि दोन हजार किलोची उंच एसयूव्ही समोरासमोरून ताशी पन्नास किलोमीटर वेगाने येऊन एकमेकींत रुतल्या, असे समजा. जड गाडीच्या वेगात त्या क्षणी ताशी सुमारे ३३ किलोमीटरांचा बदल होतो, तर हलकी गाडी उलट दिशेला ढकलली जाऊन तिच्या वेगात सुमारे ६७ किलोमीटरांचा. इजा या बदलाच्या प्रमाणात होते. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे; गाडीची किंमत वाढवून तो टळत नाही.

दुसरा मुद्दा उंचीचा. बुटकी मोटार ट्रकच्या मागील भागाखाली शिरू शकते. अशा वेळी बॉनेटला चुरगळण्याची संधीच मिळत नाही, आघात थेट काचेवर आणि छतावर येतो. शिवाय ट्रक किंवा बसच्या चालकाला बाजूची बुटकी मोटार चटकन दिसत नाही.

काही वाचक म्हणतील, शर्यतीत तर याहून भयंकर अपघातांतून चालक वाचतात. ते खरे आहे. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रोमेन ग्रोजाँ या चालकाची मोटार ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली, दुभंगली आणि पेटली. तो अर्ध्या मिनिटाच्या आत स्वतः बाहेर आला. हातांना भाजले, पण जीव वाचला. मात्र त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होते, मान धरून ठेवणारे साधन होते, अंगात अग्निरोधक पोशाख होता, सर्व बाजूंनी आवळणारे पट्टे होते, आणि शरीर होते चौतिशीतल्या कसलेल्या खेळाडूचे. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये यांतले फारसे काहीच नसते. आपल्या बाबतीत तर ते शरीरही नसते.

तारे कोणासाठी?

घरासाठी मोटार घेताना सुरक्षेचे तारे पाहण्याची सवय आता आपल्याकडेही रुळत आहे. ‘भारत एनकॅप’ ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यात मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून आतल्या बाहुल्यांना काय इजा होते ते मोजतात. स्पोर्ट्‌स कार मात्र अशा चाचण्यांना क्वचितच येतात. त्यांचा खप थोडा आणि प्रत्येक गाडी महाग, त्यामुळे त्या आदळवून पाहण्याचा खर्च सहसा कोणी करत नाही. म्हणजे ज्या मोटारीविषयी आपण ‘भक्कमच असणार’ असे गृहीत धरतो, तिच्याविषयी बहुधा तारेच उपलब्ध नसतात.

जिथे चाचणी झाली, तिथे कधी डोळे उघडले. २०१७ च्या आरंभी युरोपातील ‘युरो एनकॅप’ने फोर्ड मस्टँग ही विख्यात मोटार तपासली आणि तिला पाचांपैकी दोनच तारे दिले. पुढच्या एअरबॅगा पुरेशा फुगल्या नाहीत. मागच्या आसनावरील बाहुली पट्ट्याखालून पुढे घसरली. त्या पट्ट्याला आघाताच्या क्षणी आवळणारी यंत्रणा नव्हती. कंपनीने काही सुधारणा केल्यानंतर त्याच वर्षी तिला तीन तारे मिळाले.

पट्ट्याखालून घसरणे हा प्रकार नीट समजून घ्यावा. पट्टा कमरेच्या हाडांवर राहिला तर भार हाडांवर पडतो. शरीर खाली घसरले तर तोच पट्टा मऊ पोटात रुततो आणि आतडी, प्लीहा, यकृत यांना इजा होते. ज्येष्ठ मंडळी बहुधा मागच्या आसनावर बसतात, म्हणून ही गोष्ट त्यांच्या फार जवळची आहे. घरासाठी कोणतीही मोटार घेताना विक्रेत्याला जरूर विचारावे: मागच्या पट्ट्यांना आघाताच्या क्षणी आवळणारी आणि नंतर छातीवरचा भार मर्यादित ठेवण्यासाठी पट्टा किंचित सोडणारी, अशा दोन्ही यंत्रणा आहेत काय? पुष्कळ मोटारींत त्या फक्त पुढच्या आसनांना असतात.

आणखी एक गोष्ट. चाचणीतली रूढ बाहुली मध्यम बांध्याच्या प्रौढ पुरुषाच्या मापाची असते. पाठीला बाक आलेल्या, हाडे विरळ झालेल्या आजींचे शरीर त्या बाहुलीहून अगदी वेगळे असते. तारे मार्गदर्शक आहेत, पण आपल्या वयाचा हिशेब त्यांत आपणच मिळवायचा आहे.

वयाचा हिशेब

तरुण छाती पट्ट्याच्या दाबाखाली लवते. उतारवयात बरगड्या ठिसूळ होतात आणि त्याच दाबाखाली मोडतात. बरगडी मोडणे ज्येष्ठांच्या बाबतीत किरकोळ नसते. दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. मोडलेल्या बरगड्यांची संख्या जितकी अधिक, तितका जिवाचा धोका वाढत जातो.

वयाबरोबर मेंदूचे आकारमान थोडे घटते आणि त्याच्या भोवतालच्या नाजूक शिरा ताणलेल्या राहतात. मोठा हिसका बसला तर त्या फाटू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रक्तस्राव सहज थांबत नाही. मानेच्या मणक्यांची झीज झालेली असेल, तर मान मागे फेकली गेल्यावर मज्जारज्जूला इजा होऊ शकते, मग हाड मोडलेले नसले तरी.

एक धोका तर अपघाताशिवायही संभवतो. स्पोर्ट्‌स कारचे आसन खाली आणि तिच्या स्प्रिंगा ताठ. हाडे विरळ झालेली असतील, तर वेगात घेतलेला एखादा गतिरोधक किंवा खड्डा कण्यातला मणका दबून मोडायला पुरेसा होतो. अशा फेरीनंतर पाठीत एकाएकी तीव्र कळ आली आणि ती उभे राहिल्यावर वाढत असेल, तर ‘उसण भरली’ म्हणून शेक देत बसू नये. क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

बसावे कसे, उतरावे कसे

बुटक्या मोटारीत पाय आधी आत टाकून वाकत शिरणे टाळावे. आसनाकडे पाठ करावी, हाताने भक्कम आधार घ्यावा, आधी कुल्ले टेकावेत आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवावेत. उतरताना याच्या उलट क्रम. पाय बाहेर टेकले की लगेच उभे राहू नये, अर्धा मिनिट थांबावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास घेरी येते. या मोटारींची दारे लांब असतात आणि अरुंद जागेत ती पुरती उघडत नाहीत. म्हणून चालकाने गाडी मोकळ्या जागी आणून मगच ज्येष्ठांना बसवावे.

खुब्याचा सांधा नुकताच बदलला असेल, तर पहिले काही महिने अशा मोटारीत बसूच नये. गुडघे खुब्याच्या वर जातील इतके खालचे आसन नव्या सांध्याला धोक्याचे असते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मुलाला प्रेमाने ‘नाही’ म्हणावे.

पट्ट्याची खालची पट्टी पोटावर न येता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसली पाहिजे. वरची पट्टी खांद्याच्या मध्यातून आणि छातीच्या मधोमध. काखेखालून ती कदापि घेऊ नये. जाड शाल, कोट, पदराचा बोंगा पट्ट्याखाली आला की पट्टा सैल राहतो. तो बाजूला करावा. आसन उंच व्हावे म्हणून मऊ उशी घेण्याची सवय अनेकांना असते. आघाताच्या वेळी ती दबते आणि शरीर पट्ट्याखालून घसरते. वळणे सोपे जावे म्हणून गुळगुळीत कापड अंथरले असेल, तर निघण्यापूर्वी ते काढून घ्यावे. पाठ मागे रेलून झोपत प्रवास करणेही त्याच कारणासाठी टाळावे. बाक आलेल्या पाठीला आसनाची पाठ थोडी सरळ ठेवल्यास डोके आणि डोक्यामागचा टेकू यांतले अंतर कमी होते. टेकूचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीवर असावा.

पेसमेकर असलेल्यांनीही पट्टा लावलाच पाहिजे. पट्टा नेहमी दाराकडच्या खांद्यावरून येतो. पेसमेकर बहुधा डाव्या बाजूस बसवलेला असतो, म्हणून गाडीच्या उजव्या बाजूच्या आसनावर बसल्यास पट्टा उजव्या खांद्यावरून येईल आणि त्या जागी टोचणार नाही.

पुढे बसल्यास आसन शक्य तितके मागे घ्यावे. स्वतः चालवत असाल, तर छातीचे हाड आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते आणि फार जवळ असलेल्याला तीच इजा करते. मांडीवर डबा, गुडघ्यांमध्ये काठी ठेवू नये. ती डिकीत ठेवावी.

मागच्या आसनावर पट्ट्याची गरज नाही, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. ती स्पोर्ट्‌स कार नव्हती, पण उत्तम तारे मिळवलेल्या जातीची महागडी मोटार होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. यापुढे मागे बसल्यावर पट्ट्याचा कंटाळा आला, तर ही घटना आठवावी.

अपघात झालाच तर

महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. गाडी पेटण्याचा किंवा दुसऱ्या वाहनाने धडकण्याचा धोका नसेल, तर ज्येष्ठांना ओढून बाहेर काढू नये. मान स्थिर ठेवावी आणि मदतीची वाट पाहावी. बुटक्या मोटारीतून घाईने ओढताना मानेला अधिक इजा होते.

प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात किंवा पर्समध्ये एक चिठ्ठी असावी: चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव, पेसमेकर असल्यास त्याची नोंद, ॲलर्जी आणि घरच्यांचा दूरध्वनी. अशी गोळी घेणाऱ्याला डोक्यास थोडासा मार लागला असला, तरी त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन मेंदूच्या सीटी स्कॅनविषयी विचारावे.

घरी परतल्यावरही काळजीवाहकांनी काही आठवडे सावध असावे. वाढती डोकेदुखी, जास्त झोप, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणे ही लक्षणे दोन-तीन आठवड्यांनीही दिसू शकतात, आणि ‘वयोमानाने होतेय’ म्हणून ती दुर्लक्षिली जातात. पोटावर पट्ट्याचा वळ उमटला असेल किंवा पोट दुखत असेल, तर तपासणी लांबवू नये. बरगड्या मोडल्या असतील तर छाती आवळून बांधू नये; डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घेऊन दर तासाला काही खोल श्वास घ्यावेत.

वेगाविषयी

ताशी ५० किलोमीटरांऐवजी १०० किलोमीटर वेग असेल, तर आघाताची शक्ती दुप्पट न होता चौपट होते. तिसऱ्या मजल्याच्या जागी बारा-तेरा मजल्यांची उंची येते. एवढी शक्ती पचवण्याइतकी चुरगळण्याची जागा कोणत्याही मोटारीच्या बॉनेटमध्ये नसते.

शिवाय ती खोली फक्त आतल्यांसाठी आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये वेगाने आलेल्या पोर्शे मोटारीने मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटारीतले कोणी दगावले नाही. आपल्यापैकी बहुतेक जण दिवसातला बराच वेळ रस्त्याच्या कडेने चालणारे आहोत, त्यामुळे हा मुद्दाही आपलाच आहे.

म्हणून मुलाने किंवा नातवाने फेरीला बोलावले, तर जरूर जावे. त्याचा आनंद मोठा असतो आणि आपणही त्यात वाटेकरी व्हावे. बसल्यावर पट्टा कमरेच्या हाडांवर आला का, डोक्यामागचा टेकू योग्य उंचीवर आहे का, मांडीवर काही नाही ना, एवढे पाहावे. मग चालवणाऱ्याला स्पष्ट सांगावे, ‘बाळा, गतिरोधकावर अगदी हळू घे, आणि मी गाडीत असेपर्यंत वेग माझ्या हाडांना झेपेल एवढाच ठेव.’ घरातल्या वडीलधाऱ्यांचा हा अधिकार आहे. तो संकोच न करता वापरावा.